दुविधेची नदी

पोर्तुगीज भाषेत 'दुविदा' म्हणजे शंका, संशय. मराठी कानाला हा शब्द परका वाटत नाही, कारण आपल्याकडे 'दुविधा' आहे. हे साम्य केवळ उच्चारापुरते नाही. 'दुविदा' ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याच्या मुळाशी 'दोन' ही संख्या आहे. आपल्या दुविधेच्या मुळाशी असलेला 'द्वि' त्याच कुळातला. मन दोन ठिकाणी असणे म्हणजे शंका, एवढी एक गोष्ट दोन खंडांतल्या भाषांनी सारखीच ओळखली होती.

ब्राझीलच्या पश्चिम भागातील एका नदीला १९०९मध्ये हे नाव मिळाले. 'रिओ दा दुविदा', म्हणजे शंकेची नदी. नाव देणारा कवी नव्हता. लष्करातला अभियंता होता. उगमाजवळ नदी ओलांडताना ती उत्तरेकडे वाहते एवढेच त्याला दिसले. पुढे ती कुठे जाते, कोणत्या मोठ्या नदीला मिळते, लांब आहे की आखूड, हे सांगता येईना. तेव्हा त्याने आपले अज्ञानच नदीच्या नावात लिहून ठेवले. एखाद्या मोजणीदाराने दिलेले इतके प्रामाणिक नाव क्वचितच आढळते.

पाच वर्षांनी, १९१४मध्ये, बावीस माणसे सात होडग्यांत बसून या नदीतून खाली गेली. त्यांत अमेरिकेचे एक माजी अध्यक्ष होते, आणि या मोहिमेची कथा बहुधा त्यांचीच साहसकथा म्हणून सांगितली जाते. ते साहस खोटे नव्हते. पण त्या दोन महिन्यांत नदीवर काय घडले हे नीट समजायचे असेल, तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो. एखादी नदी नकाशावर आणायची म्हणजे नेमके काय करायचे, आणि त्याची किंमत कोण मोजतो?

तारेचा माणूस

त्या अभियंत्याचे नाव कांडिडो मारियानो दा सिल्वा रोंदोन. जन्म १८६५चा, मातो ग्रोसो प्रांतातल्या मिमोझो या खेड्यात. पूर्वजांत आदिवासी होते. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. लष्करी शिक्षणासाठी रिओ दि जानेरोला गेलेला हा मुलगा फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त काँत याच्या विचारांचा अनुयायी होऊन बाहेर पडला. विज्ञान, शिस्त आणि मानवजातीची सेवा हाच धर्म, अशी त्याची आयुष्यभराची धारणा राहिली.

१९०७पासून रोंदोन यांच्याकडे एक अवाढव्य काम होते. कुयाबापासून वायव्येला मादेइरा नदीपर्यंत, रानावनांतून आणि पठारांवरून, तारायंत्राची लाइन टाकायची. तारांचे खांब रोवत जाताना ते वाटेतल्या नद्या, टेकड्या आणि वस्त्यांची नोंद करत गेले. हा प्रदेश नाम्बिक्वारा लोकांचा होता. रबरवाल्यांच्या बंदुकांचा अनुभव असल्याने बाहेरच्या माणसाला ते बाणानेच उत्तर देत. १९०७मध्ये असाच एक बाण रोंदोन यांच्या छातीवरच्या चामडी पट्ट्यात रुतला. त्यांनी प्रतिहल्ला करू दिला नाही, तुकडी मागे फिरवली. त्यांच्या माणसांना घालून दिलेला नियम पुढे ब्राझीलभर गाजला: गरज पडली तर मरा, पण मारायचे कधीही नाही. १९१०मध्ये आदिवासींच्या संरक्षणासाठी सरकारी सेवा स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले प्रमुख रोंदोनच होते.

दुविदा नदीचे मुख शोधणे हा त्यांच्या कामाचाच पुढचा भाग होता. तिथे त्यांना एक अनपेक्षित सोबती मिळाला.

हरलेला अध्यक्ष

थिओडोर रूझवेल्ट १९०१ ते १९०९ अमेरिकेचे अध्यक्ष होते. १९१२मध्ये स्वतःचा वेगळा पक्ष काढून त्यांनी पुन्हा निवडणूक लढवली. प्रचारात त्यांच्यावर गोळी झाडली गेली. ती छातीतच राहिली आणि तशा अवस्थेत त्यांनी भाषण पूर्ण केले. निवडणूक मात्र हरले. मन हरले की शरीराला दमवायचे, ही त्यांची तरुणपणापासूनची रीत. दक्षिण अमेरिकेतून व्याख्यानांचे निमंत्रण आले, तेव्हा त्याला जोडून ॲमेझॉनच्या खोऱ्यात फिरून प्राणी-पक्ष्यांचे नमुने गोळा करावेत असे ठरले. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने आपले दोन निसर्गशास्त्रज्ञ दिले. मार्ग ठरलेला आणि बऱ्यापैकी सुरक्षित होता.

ऑक्टोबर १९१३मध्ये रिओला पोहोचल्यावर ब्राझीलचे परराष्ट्रमंत्री लाउरो म्युलर यांनी दुसराच प्रस्ताव मांडला: रोंदोन यांच्याबरोबर दुविदा नदी उतरून जायची का? रूझवेल्ट यांनी तत्काळ होकार दिला. न्यूयॉर्कमध्ये संग्रहालयाचे प्रमुख हेन्री ऑस्बॉर्न यांना हे कळले तेव्हा त्यांनी कडक विरोध केला; उपयोग झाला नाही. रूझवेल्ट तेव्हा ५५ वर्षांचे होते. पुन्हा एकदा पोरगा होण्याची ही आपली शेवटची संधी, असे ते म्हणत.

मूळ तयारी वेगळ्या प्रवासाची होती; आता त्याच सामानावर अज्ञात नदी उतरायची होती. नदीच्या उगमापर्यंत पोहोचायलाच जानेवारी-फेब्रुवारी १९१४ हे दोन महिने लागले. खेचरे आणि बैल पावसात, चाऱ्यावाचून वाटेत मरत होते, आणि सामान टाकून द्यावे लागत होते. मोहिमेची कल्पना मुळात ज्यांची, ते पाद्री जॉन झाम यांनी आपल्याला खुर्चीत बसवून आदिवासींनी वाहून न्यावे असे सुचवले. रोंदोन यांना ते सहन झाले नाही आणि झाम यांना परत पाठवण्यात आले. माणूस माणसाला वाहून नेणार नाही, ही त्या तळावरची पहिली रेघ होती. पण त्याच तळावर सोळा मजूर असे होते, की पुढच्या दोन महिन्यांत बाकी सगळे त्यांनाच वाहायचे होते.

बावीस माणसे, सात होडगी

२७ फेब्रुवारी १९१४ रोजी, सुमारे १२ अंश दक्षिण अक्षांशावर, होडगी पाण्यात लोटली गेली. रूझवेल्ट, त्यांचा मुलगा केर्मिट, पक्षिशास्त्रज्ञ जॉर्ज चेरी. ब्राझीलच्या बाजूने रोंदोन, लेफ्टनंट लीरा, डॉक्टर काजाझेइरा. आणि सोळा 'कामारादा', म्हणजे वल्हेकरी-मजूर. होडगी अख्खे झाड कोरून केलेली. सातांपैकी दोन जुनी, पाणी पिऊन जड झालेली आणि गळकी. शिधा सुमारे पन्नास दिवसांचा, तोही पोटभर नव्हे.

पहिल्या दिवसापासूनच या प्रवासात दोन कामे एकाच वेळी चालू होती: खाली जाणे आणि मोजत जाणे. मोजणी कशी होत असे, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण पुढचे सगळे पेच त्यातूनच निर्माण झाले.

पुढच्या लहान होडग्यात केर्मिट असे. त्याच्याजवळ एक काठी होती. तिच्यावर ठरावीक अंतरावर दोन तबकड्या, एक तांबडी आणि एक पांढरी. नदीच्या वळणावर, जिथून मागचा आणि पुढचा असे दोन्ही पट्टे दिसतील अशा जागी तो उतरायचा, वेली-फांद्या तोडायचा, गांधीलमाश्या आणि मुंग्यांचे दंश सोसत काठी उभी धरायचा. मागच्या होडग्यातून लीरा यंत्रातून त्या तबकड्या पाहून अंतर काढायचे. रोंदोन होकायंत्राने दिशा घेऊन दोन्ही वहीत लिहायचे. मग केर्मिट पुढच्या वळणाकडे. नदी सापासारखी वळत होती. पहिल्या अर्ध्या दिवसात केर्मिट जवळजवळ शंभर वेळा किनाऱ्यावर उतरला आणि होडगी पुढे सरकली ती फक्त सव्वानऊ किलोमीटर.

आपल्याकडच्या वाचकाला येथे नैनसिंग रावत आठवतील. जपमाळेच्या शंभर मण्यांवर पावले मोजत त्यांनी तिबेटची वाट नकाशावर आणली होती. तत्त्व तेच. नकाशावरची रेघ ही वरून पाहून काढलेली नसते. ती कुणीतरी एकेक पाऊल, एकेक वळण भरून काढलेली असते. विमानातून छायाचित्रे घेण्याआधीच्या काळात दुसरा मार्ग नव्हता.

पठार संपते तिथे

नदी पहिले काही दिवस संथ होती. पावसाचे पाणी रानात शिरले होते, झाडे पाण्यात उभी होती. २ मार्चला पाण्याचा वेग वाढला, पुढून गर्जना ऐकू येऊ लागली, आणि नदी खडकांच्या चिंचोळ्या फटीत शिरली. एके ठिकाणी तिचे सगळे पाणी दोन मीटरहूनही अरुंद घळीतून जात होते.

याचे कारण भूगोलात आहे. ब्राझीलचे पठार अतिप्राचीन, कठीण खडकांचे. दुविदा त्या पठारावर उगम पावते आणि ॲमेझॉनच्या सखल मैदानाकडे उतरते. हा उतार एकसारखा नसतो. कठीण खडकाचा थर आला की पाणी अडते, तुंबते, आणि मग एकदम कोसळते. त्यामुळे संथ पट्टा, खळाळ, पुन्हा संथ पट्टा, पुन्हा धबधबा, असा जिना तयार होतो. उतरणाऱ्याला पुढच्या पायऱ्या किती, हे दिसत नाही.

खळाळ आला की होडगी रिकामी करायची, सामान डोक्यावरून न्यायचे, रानातून वाट तोडायची, त्या वाटेवर शेकडो ओंडके आडवे टाकायचे आणि त्यांवरून ती अवजड होडगी दोरांनी ओढत न्यायची. या ओढाताणीत होडग्यांना चिरा पडत. पहिल्याच खळाळाने असे तीन दिवस खाल्ले.

११ मार्चच्या रात्री पाणी चढले आणि बांधून ठेवलेली दोन होडगी वाहून गेली. झाड पाडून नवे होडगे कोरावे लागले. १५ मार्चला त्याहून मोठा आघात झाला. पुढच्या होडग्यात केर्मिट आणि जुआंव व सिम्प्लिसियो हे दोन वल्हेकरी होते. एका खळाळापाशी पलीकडची बाजू पाहायला ते गेले, भोवऱ्याने होडगे ओढले, आणि ते उलटून धबधब्यात गेले. जुआंव पोहत किनाऱ्याला लागला. केर्मिटची बंदूक गेली, पण तो एका फांदीला धरून कसाबसा वाचला. सिम्प्लिसियो पुन्हा दिसला नाही. तो अविवाहित होता. त्याच्या कामाचे पैसे त्याच्या आईला पाठवायचे ठरले. रोंदोन यांनी त्या धबधब्याला त्याचे नाव दिले आणि काठावर तशी पाटी लावली.

त्या रात्री रूझवेल्ट यांच्यातला बाप मोहिमेच्या नेत्यापेक्षा मोठा झाला असावा. मुलाचे लग्न ठरलेले होते आणि त्याला सुखरूप परत नेणे हेच आपले काम, असे ते मानत. पुढच्या होडग्यात बसून काठी धरणे हे सगळ्यांत धोक्याचे काम होते. केर्मिटने यापुढे पुढे राहू नये, असा आग्रह त्यांनी रोंदोन यांच्याकडे धरला.

घाई आणि अचूकता

हाच तो पेच. रोंदोन यांच्या दृष्टीने मोजणीशिवाय हा प्रवास निरर्थक होता. नुसते वाहत खाली गेलो तर नदीच्या दोन टोकांपलीकडे काहीच सिद्ध होणार नाही. मधली रेघ नसेल तर शंका तशीच राहील. रूझवेल्ट यांना मोजणीचे महत्त्व कळत नव्हते असे नाही, पण त्यांच्या डोळ्यांपुढे हिशेब वेगळा होता. पहिल्या अठरा दिवसांत १२५ किलोमीटर अंतर कापले होते, चार होडगी आणि एक माणूस गमावला होता, आणि एक तृतीयांशाहून जास्त अन्न संपले होते. पुढे अंतर किती उरले आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. पाचपट असेल, सातपटही असेल.

दोघांनाही एकमेकांची भाषा धड येत नव्हती. ते मोडक्या फ्रेंचमध्ये बोलत. त्या मोडक्या भाषेतच हा वाद झाला असणार. शेवटी तडजोड झाली. प्रत्येक वळणावर काठी उभी करण्याची पद्धत सोडून देण्यात आली आणि कमी थांबे घेणारी, कमी अचूक पण वेगवान पद्धत स्वीकारली. रोंदोन यांना ती मनापासून आवडली नाही. पण वहीतल्या नोंदी थांबल्या नाहीत. दिशा, अंदाजे अंतर, जमेल तेव्हा सूर्यावरून अक्षांश, असे चालूच राहिले.

वाचक म्हणेल, इतक्या घनदाट रानात माणसे उपाशी कशी राहिली? ॲमेझॉनचे रान हिरवे आहे म्हणून ते भरलेले ताट नव्हे. प्राणी मोठ्या प्रदेशावर विखुरलेले, बरेचसे झाडांच्या शेंड्यांवर, आणि लपण्यात तरबेज. पुराच्या दिवसांत मासे नदीचे पात्र सोडून बुडालेल्या रानात पांगतात. ज्या ब्राझील-नटवर आशा होती, त्यांचा बहर त्या वर्षी हुकलेला होता. मजूर ताडाच्या जातीच्या झाडांचे कोवळे शेंडे उकडून खात. त्याने पोट भरल्यासारखे वाटे, अंगात बळ येत नसे. रानात जगायचे तर ते रान पिढ्यान्‌पिढ्या माहीत असावे लागते. अशी माणसे जवळच होती.

न दिसलेले लोक

पहिल्या आठवड्यातच काठावर जुनी शेते दिसली होती, तोडलेल्या झाडांचे बुंधे दिसले होते, वाशांचा आणि वेलींचा एक पूलही दिसला होता. नकाशात नसलेल्या नदीवर पूल होता. ही एक ओळ पुन्हा वाचावी असे मला वाटते.

सिम्प्लिसियो बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी रोंदोन आपला कुत्रा लोबो याला घेऊन शिकारीसाठी रानात गेले. पुढून माकडांचा आवाज आला. लोबो धावला आणि कळवळला. रोंदोन यांनी हवेत गोळी झाडली आणि ते परतले. नंतर लोबोचे कलेवर बाणांनी विंधलेले सापडले. तो माकडांचा आवाज माणसांनी काढलेला होता. रोंदोन यांनी त्या जागी भेटी ठेवल्या आणि ते पुढे गेले. सूड नाही, पाठलाग नाही.

हे लोक कोण, हे मोहिमेला कळले नाही. आज त्यांना 'सिंता लार्गा' म्हणतात, म्हणजे रुंद पट्टा. कमरेला ते झाडाच्या सालीचा रुंद पट्टा बांधत, त्यावरून बाहेरच्यांनी ठेवलेले नाव. काठावरून मोहिमेवर नजर ठेवणे त्यांना अवघड नव्हते. भुकेने आणि तापाने खचलेली बावीस-वीस माणसे संपवणे तर मुळीच अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही. कारण आपल्याला निश्चित सांगता येत नाही. पण ही मोहीम जिवंत परतली याच्या श्रेयात त्या न सुटलेल्या बाणांचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

१८ मार्चला, एका उपनदीच्या मुखाशी, रोंदोन यांनी सगळ्यांना उभे करून लष्करी रिवाजाप्रमाणे आज्ञापत्र वाचले: ही लहानसहान नदी नसून मोठी नदी आहे हे आता स्पष्ट झाले आहे, आणि ब्राझील सरकारच्या वतीने यापुढे तिचे नाव 'रिओ रूझवेल्ट'. रूझवेल्ट यांना हे आधी सांगण्यात आले होते, आणि त्यांचे मत उलटे होते. 'शंकेची नदी' हेच नाव चांगले, ते राहू द्यावे, असे त्यांना वाटत होते. नाव बदलले. शंका मात्र अजून सहाशे-सातशे किलोमीटर शिल्लक होती.

घळीतले दिवस

२७ मार्चला दोन होडगी खडकांत अडकली. ती सोडवायला रूझवेल्ट पाण्यात उतरले आणि त्यांची मांडी-पोटरी खडकावर आपटून फाटली. एका जुन्या अपघातात त्या पायाला आधीच इजा झालेली होती. जखम चिघळली, वर मलेरियाचा ताप चढला. डॉ. काजाझेइरा क्विनीन देत होते.

दुसऱ्याच दिवशी पुढे खोल घळ आली. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये एकामागून एक धबधबे. रोंदोन यांनी पाहणी करून सांगितले की होडगी येथेच सोडावी लागतील. प्रत्येकाने रानातून आपापली वाट काढावी. ज्याला उभे राहता येत नव्हते त्याच्यासाठी या वाक्याचा अर्थ उघड होता. रूझवेल्ट अशा प्रवासात मॉर्फीनची कुपी जवळ बाळगत. मला येथेच ठेवून तुम्ही पुढे जा, असे त्यांनी केर्मिट आणि चेरी यांना सांगितले. केर्मिट ऐकेना. बापाच्या लक्षात आले की हा मुलगा आपल्याला जिवंत किंवा मेलेले, बरोबर नेल्याशिवाय राहणार नाही. आणि प्रेत वाहून नेणे जिवंत माणसापेक्षा कठीण. त्यांनी आपला निर्णय मागे घेतला.

होडगी घळीतून खाली नेता येतील, असे केर्मिट आणि लीरा यांचे म्हणणे होते. दोरांनी बांधून, कड्यांच्या कडेकडेने, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मजुरांनी ती एकेक करून उतरवली. चार दिवस लागले. एक होडगे फुटले. बाकीची वाचली, म्हणून माणसेही वाचली. मजुरांचे पाय तोवर किड्यांच्या चावण्याने सुजलेले होते, अंगावरचे कपडे फाटून चिंध्या झाले होते, बहुतेकांना चालायला पादत्राणे नव्हती.

३ एप्रिलला भुकेने शेवटची सीमा ओलांडली. जुलिओ नावाचा मजूर शिधा चोरताना पकडला गेला होता. पकडणारा पाइशाँव हा रोंदोन यांचा विश्वासू, कडक शिस्तीचा कर्मचारी. जुलिओने त्याला गोळी घातली आणि तो रानात पळाला. पाइशाँवला तिथेच पुरले. तीन दिवसांनी जुलिओ काठावर दिसला, मला घ्या म्हणून ओरडत होता. होडगी थांबली नाहीत. नंतर रोंदोन यांनी माणसे मागे पाठवून त्याला शोधायचा प्रयत्न केला. गुन्हेगार असला तरी त्याला न्यायालयापुढे उभे करणे हे लष्करी अधिकाऱ्याचे कर्तव्य, असे त्यांचे मत. रूझवेल्ट यांना ते मान्य नव्हते. एका खुन्यासाठी निरपराध माणसांचे अन्न आणि दिवस खर्च करायचे नाहीत, असे ते म्हणत. जुलिओ सापडला नाही. बरोबर कोण होते? मला याचे उत्तर सोपे वाटत नाही. कायदा जिथे पोहोचलेला नाही तिथे तो आपल्याबरोबर न्यायचा, की आपली माणसे आधी न्यायची? 'दुविदा' या शब्दाचा अर्थ येथे भूगोलाच्या पलीकडे जातो.

झाडावरची अक्षरे

१५ एप्रिलला काठावर एक खांब दिसला. त्यावर फळी, फळीवर 'जे. ए.' अशी दोन अक्षरे जाळून कोरलेली. रबराचा चीक गोळा करणाऱ्या कुणा माणसाने आपली हद्द ठरवून ठेवली होती. पुढे झोपडी, मग आणखी झोपड्या, माणसे, मीठ, साखर, भात. त्या लोकांना ही नदी चांगली माहीत होती. ते तिला 'कास्तान्यो' म्हणत. दुविदा नावाची कुठली नदी आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हते. वरच्या टोकाला शंका, खालच्या टोकाला रोजचा व्यवहार, आणि दोन्ही एकच नदी. रोंदोन यांच्या वहीने या दोघांना जोडले. एवढाच त्या वहीचा पराक्रम आणि तो लहान नव्हे.

रूझवेल्ट तेव्हा होडग्यात आडवे होते. पायात गळू झाले होते. डॉक्टरांनी ते नदीकाठीच, भूल न देता, चिरले. २६ एप्रिलला आरिपुआनांच्या संगमावर, मोहिमेची वाट पाहत थांबलेल्या तुकडीचा तळ दिसला. ५९ दिवस झाले होते. बावीसपैकी एकोणीस जण पोहोचले. रूझवेल्ट यांचे वजन सुमारे २५ किलोने घटले होते.

परराष्ट्रमंत्र्यांना पाठवलेल्या तारेत त्यांनी नदीची लांबी सुमारे दीड हजार किलोमीटर कळवली. त्यात खालची आरिपुआनांही धरलेली होती. वरचा भाग सर्वस्वी अज्ञात आणि खालचा रबरवाल्यांना माहीत, पण नकाशाकारांना नाही, असा भेद त्यांनी स्वतःच केला. पुष्कळ शोधकर्त्यांनी तो केला नसता.

वहीचे मोल

मायदेशी परतल्यावर शंका पुन्हा उभी राहिली, यावेळी माणसांच्या तोंडून. लंडनच्या भूगोल संस्थेचे माजी अध्यक्ष क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी अविश्वास व्यक्त केला. दक्षिण अमेरिकेत फिरलेले हेन्री सॅव्हेज लँडॉर यांनी टवाळी केली. रूझवेल्ट यांनी मे महिन्यात वॉशिंग्टनला आणि जूनमध्ये लंडनला अशक्त आवाजात व्याख्याने देऊन उत्तर दिले. त्यांच्याजवळ पुरावा काय होता? पराक्रमाच्या गोष्टी नव्हेत, ते कुणीही सांगतो. पुरावा होता तो अक्षांश, दिशा आणि अंतरे यांची अखंड नोंद. ज्या मोजणीच्या संथपणाचा त्यांना नदीवर त्रास झाला होता, तीच आता त्यांच्या शब्दाची एकमेव साक्षीदार होती. १९२७मध्ये जॉर्ज डायट यांची मोहीम त्याच नदीतून उतरली आणि नोंदी खऱ्या ठरल्या.

ते पाहायला रूझवेल्ट नव्हते. या प्रवासानंतर त्यांची प्रकृती पूर्ववत झाली नाही. ६ जानेवारी १९१९ रोजी, साठाव्या वर्षी, ते गेले. रोंदोन १९५८पर्यंत जगले. त्यांच्या हयातीतच एका प्रदेशाला 'रोंदोनिया' हे नाव मिळाले. त्यांची तारेची लाइन मात्र बिनतारी संदेशांमुळे लवकरच निरुपयोगी ठरली.

आणि ते न दिसलेले लोक? नकाशावरची रेघ एकदा उमटली की ती सगळ्यांनाच वाचता येते. तिच्या मागोमाग रबरवाले, जमीन बळकावणारे, खाणवाले आले. १९६३मध्ये सिंता लार्गांच्या एका वस्तीचे हत्याकांड झाले. 'अकराव्या अक्षवृत्ताचे हत्याकांड' म्हणून ते ओळखले जाते. रोंदोन यांनी स्थापलेली आदिवासी संरक्षण सेवा तोवर इतकी किडली होती की १९६७च्या सरकारी चौकशीत तिच्याच अधिकाऱ्यांचे अत्याचार उघड झाले आणि ती बरखास्त करावी लागली. पुढे याच लोकांच्या राखीव भूमीत हिरे सापडले आणि २००४मध्ये तेथे २९ बेकायदा हिरेखोदे मारले गेले. त्या राखीव भूमीचे नाव रूझवेल्ट. ज्यांनी १९१४मध्ये त्या माणसाला जाऊ दिले, त्यांच्या भूमीवर त्याचेच नाव.

हत्याकांडाला एका अक्षवृत्ताचे नाव मिळावे, याला केवळ योगायोग म्हणता येईल. पण त्या रानात अक्षवृत्ते मोजत कोण गेले होते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून रोंदोन दोषी ठरतात असे नाही. त्यांच्या वहीत खोट नव्हती आणि त्यांच्या नियमातही नव्हती. पण वही टिकली आणि नियम टिकला नाही. नकाशा पुढच्या माणसाला वाट दाखवतो. त्या वाटेवर कसे वागावे, हे त्याच्यात लिहिता येत नाही.

सिम्प्लिसियोच्या नावाची पाटी त्या दमट रानात फार काळ राहिली नसणार. नदी अजून वाहते आहे, नकाशावर निळ्या अखंड रेघेने. तिचे जुने नाव काढून टाकायची घाई झाली, असे म्हणण्यात रूझवेल्ट यांची बाजू बरोबर होती.